झडती

एकतीस वर्षं मी नोट प्रेसमध्ये होतो, तपासणीला.
शीट उजेडाकडे धरायची,
बोट फिरवायचं,
बिघडलेली बाजूला.
पगार मोजून घेतला, बाकी पैसा नुसता पाहिला.

रोज सुटताना गेटवर झडती.
खिसे, डबा, बुटांचे तळ.
झडती घेणारा दगडू सानप
नाताळला माझ्याकडे करंज्या खायचा
आणि सव्वीस तारखेला पुन्हा
माझ्या डब्याचं झाकण उघडून आत बघायचा.
एकदाही मला वाईट वाटलं नाही.
एकदाही त्यानं नजर चोरली नाही.

सुवार्ता मात्र झडतीच्या विरुद्ध.
तिच्या दाराला कडी होती ती वाऱ्यासाठी.
एकदा एक बाई लेकरू घेऊन आली, जेवली,
जाताना आमचा कुकर घेऊन गेली, शिट्टीसकट.
मी चिडलो. ही परातीत पीठ मळत म्हणाली,
"कुकर गेला हो. पण भूक खोटी नव्हती तिची.
मी जेवताना बघितलंय."
मग वर्षभर वरण पातेल्यात शिजलं.

येत्या उपवासकाळात तीन वर्षं होतील तिला जाऊन.

मागच्या रविवारी उपासनेहून आलो, बूट काढतोय,
तर फाटकात एक जण. "जय ख्रिस्त, ब्रदर!"
जरा मोठ्यानंच.
मनमाडचा. आई सिव्हिलला. इंजेक्शनला दोन हजार.
तुमच्या पाळकांनीच पाठवलं, म्हणाला,
आणि नाव घेतलं आमोस त्रिभुवनांचं,
ज्यांच्या पेटीला मी चार वर्षांपूर्वी खांदा दिला.

मी त्याला उजेडाकडे धरलं.
ब्रदर हा शब्द सात वेळा.
चपला घासलेल्या, डावी टाच जास्त.
डोळे कोरडे. ओठही कोरडे.
ओठ खोटे नव्हते.

पाकीट काढलं नाही. ताट काढलं.
वांग्याची भाजी, दोन भाकरी, मग तिसरी.
आईसाठी डबा भरला.
म्हटलं, चल, भेटू त्यांना, इंजेक्शन मीच आणतो.
"कशाला त्रास, ब्रदर?" (आठवं.)
मी स्कूटर काढली.

द्वारकेच्या सिग्नलला स्कूटर एकदम हलकी झाली.
वळून बघतो तर गर्दीत त्याची पाठ,
काखेत डबा.

हसू आलं. धरला, म्हटलं. बोट अजून शाबूत आहे.
तिथूनच जेलरोडला परत वळायचं,
तर का कोण जाणे, सिव्हिलला गेलो.
बायकांच्या वॉर्डात नाव विचारलं, त्यानं सांगितलेलं.
सिस्टरनं रजिस्टरवर बोट फिरवलं.
"मनमाडच्या ना? काल सोडलं त्यांना.
न्यायला कोणी आलं नव्हतं."

आता काय करायचं याचं?
नाव सारखं असेल. नसेलही.
प्रेसमध्ये दोन गोष्टी आम्ही कधी एक धरल्या नाहीत.
खोटी नोट बाहेर कुठेतरी छापतात.
बिघडलेली आपल्याच कागदावर, आपल्याच शाईत,
फक्त एक आकडा सरकलेला.
चलनात तीही जात नाही.
पण तिची मोजदाद होते, एकेक करून,
आणि एक जरी कमी भरली
तरी हिशेब लागेपर्यंत कोणी घरी जात नाही.

तो कुठल्या छापखान्यातला, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सोमवारी सुतार बोलावून दाराला साखळी लावून घेतली.
लांबी मी सांगितली. त्यानं दोनदा विचारलं,
"एवढी ढिली? काका, हात आत येईल कुणाचा."
येऊ दे हात.
भाकरी बाहेर गेली पाहिजे,
माणूस आत येता कामा नये.

सुवार्ता असती तर दुसऱ्याच दिवशी
तिनं ती काढून खुंटीवर टांगली असती,
वर मलाच विचारलं असतं, हे काय, गोठा आहे का?
आणि नवा कुकरही गेला असता.